यंत्र कोणाच्या हाती?



शाळेत संगणक आले की गरीब-श्रीमंतांतील अंतर आपोआप उणावेल, असा एक समज आपल्यात रूढ झाला आहे. तो तपासून पाहण्यासाठी फार दूर जावयास नको; भोपाळहून नर्मदेपर्यंत गेले तरी पुरे.

तेथील होशंगाबाद जिल्ह्यात (२०२२ पासून नर्मदापुरम) १९७२ साली ‘किशोर भारती’ व रसूलियाच्या ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ने १६ शाळांत विज्ञानशिक्षणाचा एक उपक्रम आरंभिला. चार-चार मुलांची टोळी करून प्रयोगाचे साहित्य थेट त्यांच्या हाती द्यावयाचे, अशी ती पद्धती होती. परीक्षेतही पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा असे. १९७८ मध्ये अरविंद गुप्ता तेथे आले आणि आगपेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी एवढ्यातून त्यांनी भूमितीच्या आकृती उभ्या केल्या. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ने हे कार्य पुढे नेले. शासनाने २००२ मध्ये ते बंद केले. तो निर्णय मला आजही पटलेला नाही.

स्वस्त साहित्याचे गोडवे गाण्यासाठी मी हे सांगत नाही. गरिबांना काड्या आणि श्रीमंतांना संगणक, ही वाटणी मला मुळीच मान्य नाही. परंतु त्या उपक्रमात साहित्याबरोबर शिक्षकांचे प्रशिक्षण होते, मासिक बैठका होत्या, आणि मोडतोड होणारच हे गृहीत धरलेले होते. उलट, देणगीतून आलेले संगणक कुलुपबंद खोलीत आच्छादनाखाली ठेवलेले मी एकाहून अधिक शाळांत पाहिले आहेत. मुलांनी बिघडवू नयेत म्हणून!

घरची स्थिती तर याहून बिकट. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार देशात शहरी कुटुंबांपैकी २३.४ टक्क्यांकडे संगणक होता, ग्रामीण कुटुंबांपैकी केवळ ४.४ टक्क्यांकडे. पुढे मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. मध्य प्रदेशात ‘डिजिलेप’द्वारे व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठ पाठविले जाऊ लागले, आकाशवाणीवरून ‘रेडिओ स्कूल’ सुरू झाले, आणि जुलैत ‘हमारा घर, हमारा विद्यालय’ ही योजना आली. प्रयत्न प्रामाणिक होते, हे मान्य केलेच पाहिजे. पण ज्या घरात एकच फोन आणि तोही बापाबरोबर सकाळी कामावर जाणारा, तेथे दुपारचा पाठ पोहोचावा कसा? रात्री फोन घरी आला, तरी भावंडांत तो प्रथम मुलास मिळतो की मुलीस, हे आपण सारे जाणतो.

माजी विद्यार्थ्यांनी शाळेस संगणक अवश्य द्यावेत. मात्र देणगीपत्रात यंत्रांच्या संख्येबरोबर आणखी काही गोष्टी लिहून द्याव्यात: खोलीची किल्ली कोणाकडे राहील, दुरुस्तीचा खर्च कोठून येईल, शिक्षकांना शिकण्यास किती दिवस मिळतील, आणि ज्यांच्या घरी यंत्र नाही, त्या मुलामुलींसाठी शाळा सुटल्यानंतर ती खोली किती वेळ उघडी राहील.