जुनी वस्तू लिलावात घेताना



घरातला जुना दागिना किंवा चांदीचं भांडं विकायचं म्हटलं, की आपली पावलं आपसूक सराफाच्या पेढीकडे वळतात. तिथे वस्तू काट्यावर चढते, कस लागतो, घट वजा होते आणि त्या दिवसाच्या भावाने पैसे हातात पडतात. मोडीचा हा व्यवहार सचोटीने झाला, तरी त्यात एक गोष्ट कायमची बुडते. ती म्हणजे घडणावळ. सोन्याचे पैसे मिळतात, चांदीचे मिळतात. ज्याने महिनोन्‌महिने बसून एखाद्या गुलाबदाणीवर वेलबुट्टी उठवली, त्याच्या हाताचं मोल काट्यावर उमटत नाही. आणि मुशीत गेलेली वस्तू पुन्हा कुणाच्याच दृष्टीस पडत नाही.

जुन्या वस्तूंच्या लिलावात नेमकं याच्या उलट घडतं. तिथे वजन विचारात घेतात, पण भाव ठरतो तो घडणावळीवर, वस्तूच्या वयावर आणि ती कुणाच्या घरातून आली यावर. सॅफ्रनआर्ट, पंडोल्स, अस्तागुरू अशा मुंबईतल्या संस्था चित्रांबरोबरच जुने दागिने आणि चांदीच्या वस्तूही लिलावात काढतात. बोली ऑनलाइन लावता येते, त्यामुळे सांगलीत किंवा अकोल्यात राहणाऱ्या माणसालाही हा बाजार आता खुला आहे. बँका आणि सोनेतारण कंपन्या थकलेल्या कर्जापोटी दागिन्यांचे लिलाव करतात, ते मात्र वेगळे. तिथे पुन्हा वजन आणि कसच चालतो.

या बाजारात उतरू पाहणाऱ्या प्रत्येकाला माझं पहिलं सांगणं असं, की लिलावातली खरेदी बोलीच्या दिवशी होत नाही. ती होते वस्तू पाहायला मांडतात त्या दिवशी. बहुतेक लिलावांपूर्वी काही दिवस माल पाहण्यासाठी खुला असतो. तिथे वस्तू हातात घेता येते, उलटीपालटी करता येते, प्रश्न विचारता येतात. कॅटलॉगमधला फोटो कितीही सुंदर असला, तरी त्यात वस्तूचा तळ दिसत नाही, आणि जुन्या वस्तूची खरी हकिकत बहुधा तळाशीच लिहिलेली असते.

चांदीचंच उदाहरण घेऊ. समजा, समोर एक इंग्रजी चहाची किटली आहे. ती उलटी करा आणि भिंगातून शिक्के पाहा. एक पाऊल उचलून चालणारा सिंह दिसला, तर ती स्टर्लिंग चांदी, म्हणजे हजार भागांत ९२५ भाग शुद्ध. शेजारी बिबट्याचं तोंड असेल तर तपासणी लंडनला झाली, नांगर असेल तर बर्मिंगहॅमला, आणि जुन्या मालावर मुकुट असेल तर शेफील्डला. त्यानंतर एक अक्षर असतं. हे अक्षर दरवर्षी बदलतं आणि मालिका संपली की अक्षराचं वळण आणि भोवतीच्या चौकटीचा आकार बदलतो. त्यामुळे वस्तू कोणत्या वर्षी तपासली गेली हे तक्त्यावरून थेट सांगता येतं. राजा किंवा राणीचं मस्तक कोरलेला छोटा शिक्का असेल, तर ती बहुधा १७८४ ते १८९० या काळातली, कारण त्या वर्षांत चांदीवर कर होता आणि तो भरल्याची ती खूण. उरलेली आद्याक्षरं कारागिराची.

पण चार शिक्के दिसले म्हणून निर्धास्त होऊ नये. १८४० साली बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी विजेच्या साहाय्याने चांदीचा मुलामा चढवण्याचं पेटंट घेतलं आणि तेव्हापासून मुलाम्याची भांडी घरोघर गेली. त्यांवरही ओळीने शिक्के असतात, दुरून ते अगदी हॉलमार्कसारखे दिसतात. जवळून पाहिलं की ई-पी-एन-एस अशी अक्षरं वाचता येतात. म्हणजे खाली निकेलची मिश्रधातू आणि वर चांदीचा पातळ थर. आपल्याकडे ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतात, ती हीच मिश्रधातू; तांबं, जस्त आणि निकेल यांची. तिच्यात चांदीचा अंशही नसतो.

आता त्याच किटलीवर तोंडाची वाफ सोडा. चांदी क्षणभर धुरकट होते आणि त्या वेळी जुने डाग, म्हणजे जोडकाम, ठिगळाच्या कडेसारखे उठून दिसतात. मग बोटांच्या चिमटीत पत्रा धरून बघा. मधेच एखादी जागा पातळ लागली, तर तिथे पूर्वी कोरलेलं नाव किंवा कुळाचं चिन्ह घासून काढलेलं असण्याची शक्यता आहे. हे व्यंग आहे आणि त्याने किंमत उतरते. शेवटी मूठ पाहा. जुन्या किटल्यांच्या मुठीत, हात भाजू नये म्हणून, पांढऱ्या पातळ चकत्या बसवलेल्या असतात. त्या पुष्कळदा हस्तिदंताच्या असतात, आणि हस्तिदंताच्या व्यापाराला आपल्या देशात वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. अशी वस्तू दिसली, तर आधी लेखी खुलासा मागावा आणि मगच पुढचा विचार करावा.

भारतीय चांदीची गोष्ट निराळी. ब्रिटिश काळात इथे इंग्लंडसारखी सक्तीची तपासणी नव्हती, त्यामुळे कारागिराची खूण हाच मोठा आधार. कच्छच्या भूजमधले ओमरसी मावजी हे त्या काळचे नामवंत चांदीकार. त्यांच्या वस्तूंवर ओ आणि एम ही इंग्रजी अक्षरं सापडतात. कच्छी कामात पानाफुलांची नक्षी इतकी दाट असते, की बोट टेकवायला मोकळी जागा राहत नाही. मद्रासच्या पी. ऑर अँड सन्सच्या भांड्यांवर देवदेवतांच्या उठावाच्या आकृती असतात. ही नावं आज जगभरच्या लिलावांत ओळखली जातात. वजनाने पाहिलं तर ती भांडी साध्या ताटवाटीइतकीच भरतील. भावात मात्र कितीतरी पटींचा फरक पडतो. तो फरक म्हणजेच घडणावळ.

काचेकडे वळू. आपल्या वाड्यांतून आणि देवळांतून हंड्या-झुंबरं टांगलेली असत, ती बहुतेक युरोपातून आलेली. बर्मिंगहॅमच्या ऑस्लर कंपनीने १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात २७ फूट उंचीचं काचेचं कारंजं उभं केलं होतं. याच कंपनीने कलकत्त्यात दुकान थाटलं आणि आपल्या संस्थानिकांना झुंबरं पुरवली.

काचेवर हॉलमार्क नसतो, म्हणून इथे बोटांवर भरवसा ठेवावा लागतो. पेल्याच्या काठावरून बोटाचं टोक हळूच फिरवा. डोळ्यांना न दिसणारा टवका बोटाला कळतो. काठ एका बाजूला जरा बसका लागला, तर टवका लपवण्यासाठी तो घासलेला असतो. मग तळ पाहा. फुंकून केलेल्या जुन्या काचेच्या तळाशी, जिथून काच धरलेली सळई तोडली, तिथे खडबडीत किंवा घासून गुळगुळीत केलेली खूण राहते. वर्षानुवर्षं मेजावर सरकून पडलेले ओरखडे सगळ्या दिशांना जातात. सगळे एकाच दिशेने गेले असतील, तर कागदाने घासून वय चढवलेलं आहे असं समजा. झुंबर घेताना लोलक एकेक करून पाहावेत. बदललेल्या लोलकांची झाक वेगळी असते. पोपटी रंगाची काही जुनी काच अतिनील टॉर्चखाली हिरवीगार चमकते, कारण तिच्यात युरेनियम असतं. पण अशी काच अजूनही बनते, तेव्हा चमक म्हणजे वयाचा दाखला नव्हे.

दागिन्यांत जोखीम सर्वांत जास्त. आपल्याकडे सोन्यावर हॉलमार्क सक्तीचा झाला तो जून २०२१ पासून. आजीच्या ठुशीवर किंवा पाटल्यांवर तो असणार नाही, आणि तो नाही म्हणून त्या खोट्याही ठरत नाहीत. कुंदनकामात खड्यामागे चकचकीत पत्रा असतो आणि पोकळीत लाख भरलेली असते. म्हणून दागिन्याचं सगळं वजन सोन्याचं धरू नये, आणि खड्याचा रंगही त्या पत्र्यामुळे खुललेला असू शकतो हे ध्यानात ठेवावं. मागची बाजू जरूर पाहावी. मीनाकारी शाबूत आहे का, फासा नंतर बसवला आहे का, डाग ताजा दिसतो का, हे सगळं मागूनच कळतं.

मोत्यांची नथ तर प्रत्येक मराठी माणसाच्या जिव्हाळ्याची. मुंबई ही एके काळी आखातातून येणाऱ्या मोत्यांची फार मोठी बाजारपेठ होती, आणि जुन्या नथींतले बसरा मोती त्या व्यापारातून आलेले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात जपानचे संवर्धित मोती बाजारात आले आणि नैसर्गिक मोत्यांचा धंदा बसला. आज दोन्ही शेजारी ठेवले, तर नुसत्या डोळ्यांना फरक कळणं कठीण. दातावर घासून खरा-खोटा मोती ओळखता येतो असं सांगतात. पण संवर्धित मोतीही दाताला तसाच खरखरीत लागतो. नैसर्गिक मोती ओळखायचा खात्रीचा मार्ग क्ष-किरणांचा. म्हणून नैसर्गिक मोती म्हणून काही विकलं जात असेल, तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र मागितल्यावाचून बोली लावू नये. फरक किती पडतो, याचं उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. बडोद्याच्या गायकवाडांच्या प्रसिद्ध सातपदरी कंठ्यातल्या मोत्यांचा दोन पदरी हार २००७ साली न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात सुमारे ७१ लाख डॉलरना गेला. मोती अव्वल होतेच, आणि ते कुठून आले याचा माग पक्का होता.

आता पैशांचा हिशेब. कॅटलॉगमध्ये प्रत्येक लॉटची, म्हणजे लिलावाला काढलेल्या वस्तूची, अंदाजित किंमत दिलेली असते. त्याखेरीज विकणाऱ्याची एक राखीव किंमत ठरलेली असते, ती जाहीर करत नाहीत. बोली तिथवर पोहोचली नाही तर वस्तू विकली जात नाही. हातोडा पडतो ती रक्कम अखेरची नसते. तिच्यावर संस्था खरेदीदाराकडून आपलं कमिशन घेते आणि वर कर लागतो. कमिशन वीस टक्के असेल, तर लाखाच्या बोलीचे एक लाख वीस हजार होतात. कर आणि वाहतूक-विमा आणखी निराळा. म्हणून घरून निघतानाच शेवटचा आकडा, सगळे खर्च धरून, कागदावर लिहावा. बोलीची चुरस माणसाला पुढे ओढते. समोरचा वाढवतोय म्हणजे वस्तू तेवढ्या किमतीची आहे असं वाटू लागतं. तशा वेळी कागदावरचा आकडा उपयोगी पडतो. आणि वस्तू आहे त्या स्थितीत विकली जाते, हे नियमांत स्पष्ट लिहिलेलं असतं. संस्थेकडून स्थितीचा लेखी अहवाल आधीच मागवावा; तो मागणं हा आपला हक्क आहे.

कायद्याचंही भान हवं. पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम १९७२ प्रमाणे शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी कलावस्तू पुरावस्तू ठरते. ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, मग ती मूर्ती असो, चांदीचं तबक असो वा दागिना. परदेशी राहणाऱ्या आपल्या बंधुभगिनींनी इथे काही घेताना हे पक्कं ध्यानात ठेवावं. शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून दाखला घ्यावा. देवस्थानाचं नाव कोरलेलं ताम्हण किंवा मुखवटा समोर आला, तर तो तिथून कसा बाहेर पडला याचा कागद मागावा. कागद नसेल तर हात लावू नये.

आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची पद्धत होती. लग्नातल्या प्रत्येक तांब्या-पेल्यावर कुणी, कुणाला, कोणत्या साली दिलं हे टाचलेलं असे. त्या नावाचं मोल किती असतं हे अगदी अलीकडे दिसलं. एप्रिल २०२५ मध्ये लंडनला सोदबीजच्या लिलावात नागपूरकर राजे रघुजी भोसले यांची तलवार आली. पात्यावर त्यांचं नाव देवनागरीत कोरलेलं होतं, म्हणून ती कुणाची हे कळलं, आणि महाराष्ट्र शासनाने वाहतूक आणि विम्यासह सुमारे ४७ लाख रुपयांत ती मिळवली. ऑगस्टमध्ये ती मुंबईत पोहोचली.

नजर तयार करायला पैसे लागत नाहीत. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जा. दिनकर केळकरांनी आयुष्यभर दिवे, अडकित्ते, वज्र्या, पेट्या अशा रोजच्या वापरातल्या वस्तू जमवल्या आणि १९७५ साली तो सगळा संग्रह राज्याला देऊन टाकला. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा कुटुंबाने दिलेला मोठा संग्रह आहे. अस्सल वस्तू पुन्हा पुन्हा पाहिली, की नकली आपोआप खटकू लागते.

श्रोतेहो, घरातली जुनी वस्तू मोडीत घालण्याआधी ती एखाद्या जाणकाराला दाखवा. तिच्यावरचं नाव, शिक्का, जुनी पावती, लग्नातला फोटो, जे असेल ते जपून ठेवा. आणि लिलावात घेणार असाल, तर आधी वस्तू हातात घ्या, मग कागद वाचा आणि सर्वांत शेवटी बोली लावा. हा क्रम मोडू नका.