शिडीला पायऱ्या हव्यात
(रात्रीच्या वर्गात केलेले भाषण)

मंडळी,

आज मी तुम्हांला मुंबईच्या आगगाड्यांची गोष्ट सांगणार आहे. तुम्ही म्हणाल, "गुरुजी, मुंबईच्या गाड्यांशी आपल्याला काय करायचंय?" पण आपल्या कितीतरी घरांतली पोरं तिकडंच पोटाला लागली आहेत. माझा पुतण्या डोंबिवलीला राहतो आणि अंधेरीला कामाला जातो. तो घरी पोचल्याचा फोन येईपर्यंत माझी वहिनी इथे जेवत नाही.

का जेवत नाही? ९ जून २०२५ ची गोष्ट. मुंब्र्याजवळ भरलेल्या लोकलमधून माणसे खाली पडली. काही जिवानिशी गेली. सकाळी कामाला निघालेली माणसे ती!

एवढी गर्दी का होते? पाटीवर दोन उभ्या रेघा काढा. मुंबईचे बेट लांबट आणि अरुंद. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली. पुढे रूळ वाढले, ते मुख्यतः दक्षिण-उत्तर. तेव्हा गोदी, कचेऱ्या, गिरण्या दक्षिणेकडे होत्या. नंतर कामे अंधेरीकडेही गेली. पण आडव्या वाटा थोड्याच झाल्या. शिडीच्या दोन काठ्या उभ्या राहिल्या, पायऱ्या मात्र कमी पडल्या.

डोंबिवलीहून अंधेरीला जाणारा माणूस पूर्वी दादरला जाई. तिथे जिना चढायचा, पूल ओलांडायचा, अन् दुसऱ्या गाडीने पुन्हा उत्तरेला यायचे. शेजारच्या घरी जायला गावाला वळसा!

८ जून २०१४ ला घाटकोपर ते वर्सोवा मेट्रो सुरू झाली. ती अंधेरीवरून जाते. लांबी सुमारे ११ किलोमीटर, स्टेशने १२. आता माझा पुतण्या घाटकोपरला उतरतो आणि मेट्रोत बसतो. दादरचा फेरा वाचला. शिडीला एक पायरी लागली.

पण एका पायरीने भागत नाही. लांबची गाडी आणि लोकल एकाच रुळावर आल्या, की एकीला थांबावे लागते. म्हणून २०२२ साली ठाणे ते दिवा आणखी दोन मार्ग सुरू झाले. गाड्या वाढायच्या तर आधी वाट मोकळी हवी. स्टेशनाबाहेर बसही वेळेवर हवी. रेल्वे, मेट्रो, बस यांचा मेळ बसला, तरच माणूस सुखाने घरी पोचतो. याला म्हणतात योजना.

मंडळी, हे आपल्यालाही लागू आहे. समजा, गावची बस तालुक्याला दहाला पोचते आणि पुढची गाडी पावणेदहालाच सुटते. मग ती बस असून काय उपयोग?

योजना मोजणीपासून सुरू होते. किती माणसे जातात? कुठे जातात? किती वाजता जातात? हे तीन प्रश्न घरोघरी विचारा. उत्तरे वहीत उतरवा. ग्रामसभेत वाचून दाखवा. मग आगाराला अर्ज करा.

पूर्वी अर्ज लिहायला दुसऱ्याचे पाय धरावे लागत. आता लेखणी तुमच्या हातात आहे. उद्या येताना प्रत्येकाने आपल्या आळीची मोजणी लिहून आणा. मी वाट पाहतो.