पत्रा रंगवा, पण कोरडा घासू नका

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर बोलणारे आज पुष्कळ आहेत. आम्ही आपल्या डोक्यावरच्या छपराबद्दल बोलणार आहोत. हा विषय भावापासून वेगळा नाही. कवेलू फेरायला माणूस मिळेना, वानरे कवेलू फोडू लागली, आणि स्लॅब टाकण्याइतका पैसा कापसाने हाती राहू दिला नाही. म्हणून आपण सिमेंटचा पत्रा घातला, हौसेने नव्हे.

तो पत्रा आता वीस-तीस वर्षांचा झाला. काळा पडला, शेवाळ धरले. उन्हाळ्यात घर भट्टीसारखे तापते, म्हणून फाल्गुन-चैत्रात वरून चुना किंवा पांढरा रंग मारण्याची रीत गावोगाव आहे. रीत चांगली आहे, पांढऱ्या छपरावरून ऊन परत फिरते. पण रंग देण्याआधी आपण काय करतो? पोराला वर चढवतो, तारेच्या ब्रशने पत्रा खरखरा घासतो, खराट्याने झाडतो. ही साफसफाई घातक आहे. ती कशी, आणि तिच्याऐवजी काय करायचे, एवढेच आज सांगायचे आहे.

जुना नालीदार सिमेंटचा पत्रा नुसत्या सिमेंटचा नसतो. त्याला ताकद यावी म्हणून त्यात ॲस्बेस्टॉस नावाच्या दगडाचे तंतू घातलेले असतात. जिनिंगमध्ये रुईचे तंतू उडतात ते डोळ्यांना दिसतात. हे तंतू इतके बारीक की दिसत नाहीत. श्वासातून फुप्फुसात गेले की अडकतात, कुजत नाहीत, विरघळत नाहीत. त्यातून दमा लागल्यासारखा ॲस्बेस्टॉसिस होतो, फुप्फुसाचा कर्करोग होतो, फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग होतो. बिडी ओढणाऱ्याला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका आणखी कितीतरी पट. आणि हे दुखणे आज धूळ खाल्ली म्हणून उद्या येत नाही, वीस ते चाळीस वर्षांनी येते. तोवर पत्रा कोणी घासला हे कोणाच्या ध्यानात राहणार?

पण घाबरून पत्रे उखडायला धावू नका. धड असलेल्या पत्र्यात तंतू सिमेंटने धरून ठेवलेले असतात. अशा छपराखाली राहण्यात धोका फार थोडा. धोका सुरू होतो तो आपण पत्रा घासला, कापला, भोक पाडले किंवा फोडला म्हणजे. पावसाने वरचे सिमेंट झिजून तंतू उघडे पडलेले असतात. नेमके तेच तारेचा ब्रश उडवतो. पत्र्यात ॲस्बेस्टॉस आहे की नाही हे नुसते पाहून कळत नाही. पत्रा जुना असेल तर आहेच असे धरून चाला.

आता काम कसे करायचे ते ऐका.

पहिली गोष्ट, पत्र्यावर पाय देऊ नका. जुना पत्रा माणसाचे वजन पेलत नाही, आणि शेवाळ ओले झाले की पाय घसरतो. होईल तेवढे काम शिडीवरून, लांब दांड्याच्या रोलरने करा. वर जाणे भागच असेल तर खालच्या आडव्या पाइपांवर किंवा वाशांवर टेकतील अशा लांब, रुंद फळ्या टाका, फळीवरूनच सरका, कमरेला दोर बांधा. एकट्याने चढू नका.

दुसरी गोष्ट, तडा गेलेला, कडा भुगा होत असलेला, तंतू लोंबणारा पत्रा रंगवू नका. रंगाने तडा झाकला जातो, बुजत नाही. तो पत्रा बदलायचाच.

तिसरी गोष्ट, वारा नसलेली सकाळ निवडा. लेकरे, म्हाताऱ्या, गुरे दूर न्या. धान्य, कडबा, पाण्याची भांडी झाका.

चौथी आणि मुख्य गोष्ट, कोरडे काही करू नका. पत्रा आधी भिजवा. पाण्यात थोडी धुण्याची पावडर टाका आणि पाठीवरच्या पंपाने हलकी फवारणी करा. मात्र पंपात कीटकनाशक गेलेले नसावे. जोराच्या पाण्याचा झोत मारू नका, त्याने पत्र्याचा वरचा थर निघतो. भिजलेले शेवाळ ओल्या फडक्याने किंवा मऊ ब्रशने अलगद काढा. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, खरवडणी, खराटा यांना हात लावू नका. खाली गळणारे पाणी विहिरीकडे किंवा भाजीच्या वाफ्यात जाऊ देऊ नका. छपराचे पाणी धरत असाल तर पन्हाळीचा पाइप आधी काढून ठेवा. पन्हाळीतला गाळही ओला असतानाच काढा, त्यात तंतू साचलेले असतात.

पाचवी गोष्ट, पत्रा पूर्ण वाळला की पाण्यात कालवायचा सिमेंट प्रायमर आणि वर बाहेरच्या भिंतीचा ॲक्रिलिक रंग, दोन हात, ब्रशने किंवा रोलरने द्या. तेलरंग सिमेंटवर टिकत नाही, त्याचे पोपडे निघतात. पोपडे निघाले की पुन्हा खरवडणे आले. चुना स्वस्त आहे, पण दरवर्षी धुपतो. चुनाच द्यायचा तर जुन्यावर भिजवून द्या, जुना काढत बसू नका. रंगाने ॲस्बेस्टॉस नाहीसा होत नाही, तंतू फक्त जागेवर धरले जातात.

तोंडाला दुपट्टा बांधून हे तंतू अडत नाहीत. एफएफपी-३ दर्जाचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क लागतो. मायबहिणींनो, त्या दिवशीचे कपडे झटकू नका. घरच्या इतर धुण्यात न मिसळता पाण्यात बुडवून वेगळे धुवा. परदेशात कारखान्यातल्या नवऱ्याचे धुळीचे कपडे धुता धुता बायकांना हा रोग झाल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत.

आणि फुटक्या पत्र्याचे तुकडे? आपण त्यांची गव्हाण करतो, चुलीला आडोसा करतो, चिखलात भर म्हणून टाकतो. गाडीच्या चाकाखाली त्यांचा भुगा होतो. हे बंद करा. तुकडे भिजवा, जाड प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळा, कोणी फोडणार नाही अशा जागी ठेवा.

पुढे ते न्यायचे कुठे? इथे आमचा सरकारला सवाल आहे. युरोपीय संघाने २००५ पासून ॲस्बेस्टॉसचा वापर बंद केला. आपल्याकडे त्याच्या खाणींना नवे पट्टे देणे १९८६ मध्ये थांबवले, पण बाहेरून माल आणून पत्रे करणे चालू राहिले. जानेवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांनी कामगारांच्या तब्येतीची नोंद किमान ४० वर्षे ठेवावी आणि रोग जडलेल्याला भरपाई द्यावी. चांगला निकाल. पण गावात पत्र्याला भोक पाडणारा मिस्त्री, पत्रा घासणारा शेतमजूर, खाली झाडणारी घरधनीण, यांची नोंद कोणत्या वहीत आहे?

म्हणून या बैठकीपुढे तीन मागण्या ठेवतो. पत्रा विकणाऱ्याने धोक्याची सूचना मराठीत, ठळक छापून द्यावी. फुटके पत्रे सुरक्षित ठेवण्याची जागा प्रत्येक तालुक्यात व्हावी. मोडकळीस आलेले असे छप्पर बदलायला शेतकऱ्याला आणि शेतमजुराला अनुदान मिळावे.

मागण्या पदरात पडायला वेळ लागेल. तारेचा ब्रश खाली ठेवायला मात्र कोणाची मंजुरी लागत नाही. चैत्राच्या आत हे आपापल्या गावातल्या प्रत्येक पत्र्याच्या घरी सांगा.