टाळेबंदीतलं ताट

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि घराघरांत केकचे, पाणीपुरीचे बेत रंगू लागले. अशाच एखाद्या घरात कुणी मुलगी पोळीचे बारीक तुकडे करून ताटाच्या कडेला सारत होती, जेवण होताच न्हाणीघरातला नळ सोडून ठेवत होती.

याला नखरे म्हणू नका. अ‍ॅनोरेक्सिया (वजन वाढण्याच्या भीतीनं खाणं टाळत राहणं), बुलिमिया (भरपूर खाऊन मग उलटी काढणं) हे आजार आहेत. कोरोनाच्या साथीच्या काळात कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलियात त्यांपायी रुग्णालयात दाखल होणाऱ्या किशोरवयीन मुली वाढल्या. शाळा बंद, खेळ बंद, मैत्रिणी दूर आणि व्हिडिओ कॉलवर सतत स्वतःचाच चेहरा! सगळं हातातून निसटलं, की निदान घास तरी आपल्या ताब्यात आहेत, असं मनाला वाटू लागतं.

वारंवार उलट्या काढल्या तर शरीरातलं पोटॅशियम घटतं, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. वजन नेहमीसारखं असलं तरीही. म्हणून ‘चार घास जास्त खा गं’ एवढ्यानं भागत नाही. डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ यांची मदत लागते. लहान वयात तर आईवडिलांनी काही काळ जेवणाची सूत्रं हाती घेण्याची उपचारपद्धती चांगली लागू पडते. कुठून सुरुवात करावी कळत नसेल, तर ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.