खिशातील गाणी आणि त्यांचा दिवाणजी



गाणी ऐकण्याचे यंत्र घ्यावयास गेलेला माणूस दुकानदाराला साधारणपणे चार गोष्टी विचारतो. किंमत काय, आवाज कसा, गाणी किती मावतात, आणि एकदा चार्ज केले की किती तास चालते? चारही प्रश्न रास्त आहेत. पण पाचवा एक प्रश्न आहे, आणि तो सहसा कोणी विचारीत नाही. यात घातलेले गाणे पुन्हा बाहेर काढता येते का? आज या पाचव्या प्रश्नाविषयीच थोडे बोलावयाचे आहे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत खिशात मावणारी कितीतरी संगीतयंत्रे आली आणि गेली. त्यांची तुलना या एका कसोटीवर केली, तर आपल्या उपयोगाचे बरेच काही हाती लागते.

१९७९ साली जपानच्या सोनी कंपनीने वॉकमन काढला, तेव्हा हा प्रश्न नव्हता. कॅसेट घातली, कळ दाबली, गाणे सुरू. तीच कॅसेट शेजाऱ्याच्या यंत्रातही वाजे. गाणे आणि ते वागविणारी वस्तू एकच होती. पुढे गाणे आकड्यांत उतरले आणि सगळेच बदलले.

कॉम्पॅक्ट डिस्कवर आवाजाचे माप दर सेकंदाला ४४,१०० वेळा घेतलेले असते, तेही डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही बाजूंचे. त्यामुळे चार मिनिटांचे गाणे सुमारे ४२ मेगाबाइट जागा अडविते. एवढे मोठे ओझे लहान यंत्रात मावावे कसे? जर्मनीतील एर्लांगेन येथे फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर पुष्कळ काम केले. त्यांनी आपल्या कानाचीच एक उणीव हेरली. पिठाची गिरणी चालू असताना शेजारचा माणूस कुजबुजला तर ते आपल्याला ऐकू येत नाही, कारण मोठा आवाज लहान आवाजाला झाकून टाकतो. मग जे ऐकूच येणार नाही, ते साठवायचं कशाला? या विचारातून, इतरांच्याही हातभाराने, एमपी थ्री ही पद्धत सिद्ध झाली. फायलींना हे नाव लावण्याचे १९९५ साली ठरले. या पद्धतीच्या साध्या प्रतीत तेच चार मिनिटांचे गाणे चार मेगाबाइटांच्या आत बसते, म्हणजे जवळजवळ अकराव्या हिश्शात.

गाणे लहान झाले खरे. पण ते संगणकावरून यंत्रात न्यावयाचे तर मध्ये कोणीतरी हवे. हे ने-आण करणारे जे सॉफ्टवेअर असते, त्याला मी दिवाणजी म्हणतो. पेढीवर दिवाणजी असतो ना, तसाच. तो माल मोजून घेतो, वहीत नोंदवितो, हवा तेव्हा काढून देतो. दिवाणजी चोख असला तर मालकाला सुख. पण वही त्याच्या हाती असते हेही विसरून चालत नाही. तो कोणाचा माणूस आहे, आपला की दुकानाचा, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

पहिल्या यंत्रांपासूनच हा प्रश्न उभा राहिला. १९९८ साली दक्षिण कोरियात एमपीमॅन निघाला आणि त्याच वर्षी अमेरिकेत डायमंड मल्टीमीडिया कंपनीचा रिओ आला. रिओची साठवण ३२ मेगाबाइट, म्हणजे साध्या प्रतीची अर्ध्या तासाची गाणी. एवढ्याशा यंत्राने अमेरिकेतील ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघाला धडकी भरली आणि त्यांनी कोर्टात दावा लावला. १९९९ साली अपील कोर्टाने निकाल यंत्राच्या बाजूने दिला. पण एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. रिओमध्ये गेलेले गाणे परत संगणकावर नेण्याची सोय नव्हती. वाट एकेरी होती.

यानंतर चार प्रकारचे दिवाणजी आपल्याला दिसतात.

पहिला अॅपल कंपनीचा. ऑक्टोबर २००१ मध्ये तिचा आयपॉड आला. आत पाच गिगाबाइटची तबकडी, किंमत ३९९ डॉलर, आणि हजार गाणी खिशात, अशी त्याची जाहिरात होती. त्याचा दिवाणजी आयट्यून्स हा त्याच वर्षीच्या जानेवारीत आलेला होता. हुशार दिवाणजी! डिस्क घातली की गाणी उतरवून घ्यावयाची, गायकांच्या नावाने लावावयाची, यंत्र जोडले की आपोआप भरून टाकावयाची. इतकी सोय पूर्वी कोणी केली नव्हती. २००३ साली त्याला जोडून गाण्यांचे दुकान निघाले. तेथे एक गाणे ९९ सेंटला मिळे. पण विकत घेतलेल्या गाण्याला कुलूप असे, आणि ते ठराविक संगणकांवरच उघडे. शिवाय यंत्रात गेलेली गाणी एका लपलेल्या कप्प्यात, चार अक्षरांच्या अर्थहीन नावांनी ठेवलेली असत. संगणक बिघडला आणि गाणी फक्त यंत्रात उरली, तर ती परत घेण्याचा सरळ रस्ता नव्हता. उलट नव्या संगणकाला यंत्र जोडले की दिवाणजी विचारी, यातले सारे पुसून नव्याने भरू का? घाईत हो म्हटलं की संपलं! गाण्यांवरील कुलपे २००९ साली निघाली. आयपॉडचे उत्पादन मे २०२२ मध्ये थांबले.

दुसरा सोनीचा. वॉकमनची ही जनक कंपनी. तिची यंत्रे सुबक असत आणि एका चार्जवर पुष्कळ चालत. पण ही कंपनी स्वतः गाण्यांचाही व्यापार करणारी. तेव्हा तिचा दिवाणजी संशयी निघाला. तिने एमपी थ्री सोडून अॅट्रॅक ही आपली स्वतःची पद्धत पुढे केली. एखादे गाणे यंत्रात न्यावयाचे म्हणजे ग्रंथालयातून पुस्तक नेल्यासारखे. एका वेळी तीन प्रती बाहेर द्यावयाच्या. चौथी हवी असेल तर आधीची एक परत जमा करा. २००४ साली निघालेल्या तिच्या तबकडीच्या वॉकमनला साधे एमपी थ्री वाजवता येत नव्हते. प्रत्येक गाणे आधी अॅट्रॅकमध्ये बदलून घ्यावे लागे. सॉनिकस्टेज नावाच्या या दिवाणजीला लोक इतके कंटाळले की अखेर कंपनीलाच माघार घ्यावी लागली. २००४ च्या अखेरीपासून तिच्या यंत्रांत एमपी थ्री वाजू लागले, आणि २००८ साली तिचे कनेक्ट नावाचे गाण्यांचे दुकान बंद झाले.

तिसरा मायक्रोसॉफ्टचा. नोव्हेंबर २००६ मध्ये झून नावाचे यंत्र आले. त्यात बिनतारी पद्धतीने मित्राला गाणे देता येई. कल्पना छान. मात्र ते गाणे मित्राने तीन वेळा ऐकले किंवा तीन दिवस उलटले, की बंद! शिक्षक मंडळींना या यंत्राची एक गंमत वर्गात सांगता येईल. २००८ हे लीप वर्ष होते. ३१ डिसेंबरचा, म्हणजे ३६६ वा दिवस उजाडला आणि जगभरची ३० गिगाबाइटची झून यंत्रे एकाएकी थिजली. घड्याळाच्या हिशेबात लिहिले होते, की दिवस ३६५ हून जास्त झाले तर पुढचे वर्ष धर. पण वर्ष लीप असेल तर ३६६ ओलांडल्याशिवाय धरू नकोस. नेमक्या ३६६ व्या दिवशी काय करावे हे सांगायचे राहून गेले! यंत्र तेथल्या तेथे घिरट्या घालीत बसले. उपाय एवढाच होता, की बॅटरी संपू द्यावी आणि दुसऱ्या दिवशी चार्ज करावी.

तो बिघाड एका दिवसात बरा झाला. दिवाणजीच निघून गेला तर मात्र एवढ्यावर भागत नाही. याच कंपनीचे एमएसएन म्युझिक नावाचे गाण्यांचे दुकान २००६ साली बंद झाले होते. तेथे पैसे मोजून घेतलेली कुलूपबंद गाणी खुद्द तिच्या झूनवरसुद्धा वाजत नसत. एप्रिल २००८ मध्ये कंपनीने गिऱ्हाइकांना कळविले, की ऑगस्टनंतर नव्या संगणकासाठी किल्ली मिळणार नाही. म्हणजे संगणक बदलला की गाणी गेली. लोकांनी ओरड केल्यावर ही मुदत २०११ च्या अखेरपर्यंत लांबविली गेली, इतकेच. कॅसेटवाल्याचे दुकान बंद पडले म्हणून घरची कॅसेट कधी मुकी झाली होती का?

आता चौथा प्रकार, आणि तो म्हणजे दिवाणजी नसणेच. कोरियाच्या आयरिव्हर आणि कोवॉन, अमेरिकेची सॅनडिस्क, अशा कंपन्यांची पुष्कळ यंत्रे तार जोडली की संगणकाला एखाद्या साध्या पेटीसारखी दिसत. पेटी उघडा, फायली टाका. पेटी उघडा, फायली काढा. २००७ साली आलेला सॅनडिस्कचा सान्सा क्लिप तर आगपेटीएवढा असूनही त्यात रेडिओ आणि आवाज टिपण्याची सोय होती. या प्रकारात थाटमाट नाही. गाण्यांची नावे आपणच नीट द्यावी लागतात, नाहीतर पसारा होतो. पण वही आपली, आणि किल्लीही आपली.

आपल्याकडे याहून वेगळा एक मार्ग लोकप्रिय झाला. २०१७ साली सारेगामा कंपनीने कारवाँ हे यंत्र काढले. त्यात ५,००० हिंदी गाणी आधीच भरलेली. म्हाताऱ्या माणसांना फार सोयीचे. त्यात पेन ड्राइव्ह लावण्याची खाचही आहे, म्हणजे आपली गाणी आपल्याला वेगळी ठेवता येतात. आणि गावोगावी मोबाइलच्या दुकानात कार्ड भरून घेण्याची रीत आपण पाहिलेलीच आहे.

कोणी म्हणेल, "अहो, सिनेमातले एखादे गाणे गेले तर गेले. बाजारात पुन्हा मिळेल." खरे आहे. पण सगळीच गाणी बाजारात मिळत नाहीत. आपल्या आजीने जात्यावर म्हटलेली ओवी कोणत्या दुकानात मिळणार? हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून एक लाखावर ओव्या गोळा केल्या. पुष्कळ ओव्यांचे ध्वनिमुद्रणही झाले. ती मुद्रणे फितीवरून संगणकावर आणता आली, म्हणून २०१७ पासून 'परी' या संकेतस्थळावर जगाला ऐकता येत आहेत. गाणे एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतता आले, म्हणून ते टिकले. ज्या भांड्याला फक्त आत जाण्याची वाट असते, त्यात ठेवलेली चीज भांड्याबरोबरच जाते.

आज वेगळे संगीतयंत्र थोडेच लोक घेतात. ते काम फोन करतो. पण दिवाणजी गेलेला नाही. दरमहा वर्गणी भरून फोनमध्ये उतरवून घेतलेली गाणी वर्गणी थांबली की बंद होतात. ती गाणी भाड्याची आहेत, एवढे ओळखून ऐकावीत; त्यात वाईट काही नाही. आपल्या स्वतःच्या मुद्रणांची गोष्ट मात्र वेगळी. तेव्हा शाळेने किंवा भजनी मंडळाने आवाज टिपावयास यंत्र किंवा फोन घेताना दुकानातच एक लहानशी परीक्षा घ्यावी. चार ओळी बोलून टिपाव्यात. तार लावून ती फाइल दुकानदाराच्या संगणकावर काढून घ्यावी, आणि तिसऱ्याच एखाद्या यंत्रावर वाजवून पाहावी. खास सॉफ्टवेअर न लावता वाजली तर यंत्र पास! मुद्रण एमपी थ्री किंवा वेव्ह यांपैकी एका पद्धतीचे असावे. एमपी थ्रीसाठी परवाना घेण्याची योजना २०१७ साली संपली आणि ती पद्धत आज सर्वांना खुली आहे. फाइलीला गाणाराचे नाव, गाव आणि तारीख द्यावी. आणि प्रती दोन ठेवाव्यात, दोन निरनिराळ्या घरी. कारण कार्ड कधी बंद पडेल, याचा भरवसा नसतो.

शेतकऱ्याला हे नव्याने सांगावयास नको. खाण्याचे धान्य तो बाजारातून आणील, पण बियाणे घरच्या कणगीत राखतो, आणि त्या कणगीचे तोंड कोणाला विचारून उघडत नाही. गावातल्या म्हाताऱ्या माणसांचे आवाज हे आपले बियाणे आहे. ते ज्यात ठेवाल, त्याचे तोंड आपल्याला केव्हाही उघडता येईल, एवढे ठेवण्यापूर्वीच पाहून घ्या.