उतारावरची गाडी आणि तिचे मालक

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



अभ्यासवर्गाच्या कार्यक्रमपत्रिकेत मुलांचा खेळ हा विषय सहसा आढळत नाही. खेळ म्हणजे फावल्या वेळची करमणूक, त्याचा समाजरचनेशी संबंध काय, असा समज रूढ आहे. परंतु खेळाला पैसा कोण पुरवतो आणि ज्या जागेवर तो खेळला जातो ती जागा कोणी तयार केली, हे दोन प्रश्न विचारले की खेळही अर्थशास्त्राच्या कक्षेत येतो. अमेरिकेतील ओहायो राज्यात चालत आलेल्या ‘सोप बॉक्स डर्बी’ या बिनइंजिनाच्या गाड्यांच्या शर्यतीचा इतिहास या दृष्टीने तपासून पाहण्यासारखा आहे.

हा खेळ समजण्यास अवघड नाही. साबणाचे किंवा संत्र्यांचे लाकडी खोके, बाबागाडीची जुनी चाके आणि वळवण्यासाठी बांधलेली दोरी एवढ्या सामग्रीवर मुले गाडी तयार करीत. उतारावर नेऊन ती ढकलावयाची; पुढचे काम गुरुत्वाकर्षणाचे. महाराष्ट्रातील गावोगावच्या गल्ल्यांतून फळकुटाला जुनी बॉल बेअरिंगे ठोकून मुलांनी ज्या गाड्या पळवल्या, त्यांचीच ही सातासमुद्रांपलीकडची भावंडे.

१९३३ हे साल ध्यानात ठेवले पाहिजे. १९२९च्या अरिष्टानंतर अमेरिकेतील बेकारी त्या वर्षी शिगेला पोहोचली होती. दर चार कामगारांमागे सुमारे एक बेकार होता. विकतची खेळणी असंख्य घरांतून हद्दपार झाली होती. डेटन शहरातील एका दैनिकाचा छायाचित्रकार मायरन स्कॉट याला त्या उन्हाळ्यात रस्त्यावर काही मुले अशा गाड्या पळवताना दिसली. त्याने त्यांची छायाचित्रे घेतली आणि आपल्या दैनिकामार्फत ऑगस्टमध्ये रीतसर शर्यत भरविली. तीनशेहून अधिक मुले आपापल्या गाड्या घेऊन आली. पाहण्यास हजारोंचा समुदाय लोटला. पुढे धावणाऱ्यांत एक मुलगीही होती. हा खेळ कोणा कंपनीने काढलेला नव्हता. तो टंचाईच्या पोटी जन्मलेला आणि मुलांनी स्वतःच्या हातांनी घडवलेला होता.

गर्दी जमली की बाजाराचे लक्ष तिकडे वळते. जनरल मोटर्सच्या शेव्हरोले विभागाने पुरस्कर्तेपण पत्करले आणि १९३४ साली डेटनमध्येच पहिली अखिल अमेरिकन शर्यत झाली. गावोगावी स्थानिक वृत्तपत्र आणि शेव्हरोलेचा मोटार-विक्रेता यांनी मिळून प्राथमिक शर्यत घ्यावयाची आणि विजेत्याला अंतिम फेरीस पाठवावयाचे, अशी यंत्रणा उभी राहिली. आज खोक्याची गाडी चालवणारा मुलगा उद्या खऱ्या गाडीचा गिऱ्हाईक होईल, हा हिशेब त्यामागे होताच. तरीही न्यायबुद्धीने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. विजेत्यांना महाविद्यालयीन शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मिळाल्या आणि गाडी मुलाने स्वतः बांधली पाहिजे, असा दंडकही होता. आपल्या हाताने वस्तू घडवण्याचा आनंद खरा होता. पुरस्कर्त्याच्या हेतूमुळे तो खोटा ठरत नाही.

१९३५ साली अंतिम शर्यत ॲक्रन येथे हलवण्यात आली. ॲक्रन म्हणजे रबराची राजधानी. गुडइयर, फायरस्टोन, गुडरिच यांचे प्रचंड टायर-कारखाने तेथे होते. त्या वर्षीची शर्यत शहरातील उताराच्या रस्त्यावर झाली. एक गाडी मार्ग सोडून बाजूला घुसली आणि आकाशवाणीवरून वर्णन करणाऱ्या प्रख्यात निवेदकालाच तिने जखमी केले. वाहतुकीचा रस्ता या खेळाला अपुरा आहे, हे सर्वांना पटले. कायमचा मार्ग हवा होता.

तो कोणी बांधला? ज्या कंपनीचे नाव शर्यतीच्या फलकांवर झळकत होते तिने नव्हे. बेकारांना काम देण्यासाठी रूझवेल्ट सरकारने १९३५ साली ‘वर्क्स प्रोग्रेस ॲडमिनिस्ट्रेशन’ ही योजना सुरू केली होती. १९४३ पर्यंत सुमारे ८५ लक्ष लोकांना तिने काम दिले. या योजनेतून १९३६ साली ॲक्रनच्या विमानतळालगतच्या टेकडीवर ‘डर्बी डाउन्स’ हा सुमारे हजार फुटांचा उतार तयार झाला. ज्या अरिष्टाने मुलांची खेळणी हिरावून घेतली, त्याच अरिष्टात बेकार झालेल्यांच्या श्रमांतून मुलांना मैदान मिळाले.

महाराष्ट्राला ही गोष्ट परकी वाटू नये. १९७२च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या आणि पाझर तलाव खोदणाऱ्या स्त्रीपुरुषांच्या कष्टांतूनच रोजगार हमीला बळ मिळाले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेल्या त्या योजनेला १९७७च्या कायद्याने हक्काचे रूप आले आणि १९७९पासून तो कायदा अमलात आला. कामे निरुपयोगी असतात, हा आक्षेप दोन्ही देशांत घेतला गेला. त्याला टिकाऊ कामाखेरीज दुसरे उत्तर नसते. डर्बी डाउन्स हे तसे एक उत्तर आहे.

त्याच १९३६ साली ॲक्रनमध्ये आणखी काय घडत होते? जानेवारीत फायरस्टोनच्या कामगारांनी यंत्रे थांबवून कारखान्यातच ठाण मांडले. फेब्रुवारी-मार्चमध्ये गुडइयरचा संप महिन्याहून अधिक काळ चालला आणि नव्या रबर-कामगार संघटनेशी बोलणी करणे मालकांना भाग पडले. वर्षअखेरीस हे लोण फ्लिंट येथील जनरल मोटर्सच्या कारखान्यांत पोहोचले. १ फेब्रुवारी १९३७ रोजी कामगारांनी शेव्हरोलेच्या चार क्रमांकाच्या कारखान्याचा ताबा घेतला आणि ११ फेब्रुवारीस कंपनीने त्यांच्या संघटनेला मान्यता दिली. म्हणजे मुलांच्या खेळाची उदार पुरस्कर्ती असलेली कंपनी मोठ्या माणसांची संघटना मान्य करण्यास मात्र कारखान्याचा ताबा जाईपर्यंत तयार नव्हती. औदार्य आणि हक्क यांतील हा भेद आहे. औदार्य देणाऱ्याच्या मर्जीने येते आणि त्याच्याच मर्जीने जाते.

ते कसे जाते, हेही या शर्यतीने पाहिले. महायुद्धात ती थांबली आणि १९४६ साली पुन्हा सुरू झाली. चित्रपट-तारे येऊ लागले, गर्दी वाढत गेली. आणि १९७२नंतर शेव्हरोलेने अंग काढून घेतले. जवळजवळ चार दशकांचे नाते जमाखर्चाच्या एका नोंदीने संपले.

पुढच्याच वर्षी मोठी नाचक्की झाली. १९७३चा विजेता चौदा वर्षांचा मुलगा होता. त्याची गाडी सुटताक्षणीच झेप घेते, हे पाहून अधिकाऱ्यांना संशय आला. क्ष-किरण तपासणीत गाडीच्या नाकात विद्युतचुंबक सापडले. शिरस्त्राण मागे टेकवले की प्रवाह सुरू होई आणि गाड्यांना थोपवून धरणारी लोखंडी पट्टी पुढे पडताना गाडीलाही ओढून नेई. मुलाचे पद काढून घेण्यात आले. त्याच्या उद्योजक मामाने आपला हात कबूल केला. मात्र नियम सर्रास मोडले जातात, असा बचावही केला. लबाडी चौदा वर्षांच्या पोराच्या नावावर नोंदली गेली, पण तिची मुळे मोठ्यांच्या व्यवहारात होती. बक्षीस आणि प्रतिष्ठा खेळाहून मोठी झाली, की मुलाच्या गाडीत बापाची थैली शिरते. मग ज्याच्याजवळ फक्त खोके आणि दोन हात आहेत, तो उतारावर येण्यापूर्वीच हरलेला असतो.

मुलींची कथाही येथे नोंदवली पाहिजे. रस्त्यावरच्या पहिल्या शर्यतीत मुलगी धावली होती. व्यवस्था ‘अखिल अमेरिकन’ झाली तशी मुलींना दारे बंद झाली. ती १९७१ साली उघडली आणि १९७५ साली पेनसिल्व्हेनियातील अकरा वर्षांची मुलगी विजेती ठरली. संघटित होताना खेळाने काय मिळवले याबरोबरच काय गमावले, हेही मोजावयास हवे.

१९७०नंतरच्या दोन दशकांत ॲक्रनमधील बहुतेक मोठे टायर-कारखाने बंद पडले. भांडवल स्वस्त मजुरीच्या दिशेने निघून गेले. शर्यत मात्र स्थानिक नागरिकांनी आणि स्वयंसेवकांनी धरून ठेवली. पुरस्कर्ते बदलत गेले, तरी आजही दर उन्हाळ्यात मुले-मुली डर्बी डाउन्सवर गाड्या घेऊन येतात. कंपनी जाऊ शकली, कारखाने जाऊ शकले. सार्वजनिक पैशाने आणि बेकारांच्या श्रमाने बांधलेली टेकडी कोणाला उचलून नेता आली नाही.

दहीहंडीच्या थरांपेक्षा पुढाऱ्यांचे फलक उंच झालेले महाराष्ट्र पाहतो आहे. गावातील कार्यकर्त्यांपुढे दर वर्षी प्रश्न येतो, की स्पर्धेसाठी कोणाची देणगी घ्यावी. देणगी घेणे हे पाप नव्हे. परंतु देणगीपूर्वी मैदान मागितले पाहिजे. ते नगरपालिकेच्या दफ्तरात गावाच्या नावे नोंदवून घेतले पाहिजे. त्यावर मुलींचा हक्क पहिल्या दिवसापासून असला पाहिजे. आणि बक्षीस इतके लहान ठेवले पाहिजे, की त्यासाठी कोणाच्या मामाला चुंबक बसवावेसे वाटू नये. देणगीदार उद्या येणार नाही, असे धरूनच आजची आखणी करावयाची. मैदान गावाचे असेल, तर तो आला नाही म्हणून खेळ थांबत नाही.