काढा आणि कॅप्सूल



छातीत जळजळ, घशाशी येणारं आंबट पाणी, रात्री आडवं पडलं की ठसका. या दुखण्यावर ओमेप्राझोलची कॅप्सूल आणि वनस्पतींचा काढा, दोन्ही एकाच रुग्णालयात लिहून देणारे डॉक्टर चीनमध्ये भेटतात. तिथली ती रीतच आहे. आम्लपित्तासाठीची त्यांची एक जुनी गोळी आहे, 'झुओजिन'. चौदाव्या शतकातले वैद्य झू दान्शी यांच्या नावावर ती चालत आली आहे. तिच्यात वनस्पती दोनच: सहा भाग हुआंगलियन, एक भाग वूझूयू. पहिली कडू आणि थंड, दुसरी तिखट आणि उष्ण. हुआंगलियनमधलं बर्बेरिन आपल्या दारुहळदीतही असतं.

दोन्ही उपचार एकत्र घेतले की जास्त आराम पडतो, असं चीनमधल्या अनेक चाचण्या सांगतात. माझं त्यांनी पुरतं समाधान होत नाही. पुष्कळ चाचण्या लहान आहेत. शिवाय काढ्याच्या वासाचवीवरूनच तो कोणाला मिळाला हे कळून येतं, आणि बरं वाटण्याची आशा तिथंच वाढते.

मला खरी काळजी आहे ती शरीरात होणाऱ्या मिसळीची. गिंको या चिनी झाडाच्या पानांचा अर्क घेतल्यावर रक्तातलं ओमेप्राझोल कमी होतं, असं हाँगकाँगच्या संशोधकांना २००४ साली आढळलं. ज्येष्ठमध तर चिनी काढ्यांत जागोजागी असतं, आपल्याही घरात असतं. ते भरपूर आणि फार दिवस घेतलं तर पोटॅशियम उतरतं, रक्तदाब चढतो. ओमेप्राझोल वर्षानुवर्षं घेणाऱ्या काहींचं मॅग्नेशियम उतरतं. दोन्ही एकदम उतरली तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात, आणि लघवीची गोळी चालू असेल तर धोका आणखी वाढतो. चिनी वैद्य आम्लावर समुद्रफेसाची पूडही देतात. त्यात मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट असतं, म्हणून थायरॉइडची गोळी आणि ती पूड यांत चार तासांचं अंतर हवं.

काढा सुरू केला म्हणून बरेच महिने चाललेली कॅप्सूल एकाएकी सोडू नका. दबलेलं आम्ल उसळून येतं आणि बोल लागतो काढ्याला. ती कशी कमी करायची हे डॉक्टरांनाच ठरवू द्या, आणि त्यांच्याकडे जाताना काढ्याची पुडी वरच्या नावांसकट सोबत न्या.

घास अडकत असेल, शौचाला काळं होत असेल, कारण नसताना वजन घटत असेल, तर कॅप्सूल किंवा काढा वाढवत बसू नका. आधी दुर्बिणीची तपासणी करून घ्या.